एका कार्बनसाठी पन्नास वर्षं

मंगळवेढा-मोहोळकडच्या काळ्या रानात पौषाच्या सुमारास करडई फुलते. फूल उमलतं ते पिवळं. सुकायला लागलं की त्याच पाकळ्या केशरी आणि मग लाल होतात. आपल्याकडे करडई म्हणजे तेल, कोवळ्या पाल्याची भाजी आणि ज्वारीच्या कडेनं जनावरं अडवणारं काटेरी कुंपण. पाकळ्या रानातच वाळून जातात.

त्या पाकळ्यांत पिवळे रंग भरपूर असतात. लाल रंग, म्हणजे कार्थामिन, वजनाच्या एक टक्काही नसतो. तो वेगळा काढायची रंगाऱ्यांची जुनी रीत मी विद्यार्थ्यांकडून आवर्जून करून घेतो. वाळल्या पाकळ्या फडक्यात बांधून पिवळेपणा जाईस्तोवर थंड पाण्यात पिळायच्या. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लाल रंग उतरतो, आणि त्यात लिंबू पिळलं की तो सुती कापडावर जाऊन बसतो. तुरटीसुद्धा लागत नाही. सुताला असा थेट धरणारा वनस्पतीचा रंग विरळाच. उन्हात मात्र तो विटतो.

या रंगाचा रेणू शोधण्यात चिका कुरोदा यांनी उमेदीची वर्षं घातली. जपानच्या तोहोकू विद्यापीठानं 1913 मध्ये पहिल्यांदा तीन मुलींना प्रवेश दिला, त्यांतल्या त्या एक. कार्थामिनवरच्या कामासाठी त्यांना 1929 मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्यांनी मांडलेल्या रेणूत 21 कार्बन होते. पुढे आपल्याकडे टी. आर. शेषाद्री यांनीही या फुलाच्या रंगद्रव्यावर काम केलं. 1979 मध्ये ओबारा आणि ओनोदेरा यांनी दाखवलं की रेणू दुहेरी आहे: 21 कार्बनांचे दोन भाग आणि त्यांना सांधणारा एक जास्तीचा कार्बन. एकूण 43.

हा सांधा पन्नास वर्षं कुणाच्या हाती का लागला नाही? त्या काळी पदार्थ जाळून त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण काढत. कुरोदांच्या सूत्रात कार्बन भरतो 56.0 टक्के, खऱ्या सूत्रात 56.7. आधीच चिमूटभर मिळणारा, शुद्ध करायला अवघड असा पदार्थ. त्यात हा फरक दिसणार कसा? शिवाय प्रमाणावरून रेणूचा आकार कळत नाही. तो उलगडायला पुढच्या पिढीची उपकरणं यावी लागली. म्हणून कुरोदा चुकल्या असं म्हणायला माझं मन धजत नाही. त्यांच्या तराजूला जेवढं दिसणं शक्य होतं तेवढं त्यांनी अचूक पाहिलं.

पाकळी लाल कशी होते, याचं उत्तर तर अगदी अलीकडचं. कार्थामिनच्या आधीचं पिवळं द्रव्य ऑक्सिडीकरण होताना कार्बन डायऑक्साइड गमावतं आणि लाल होतं. हे घडवून आणणाऱ्या एन्झाइमची जनुकं 2021 मध्ये सापडली, तीही कुरोदांच्याच तोहोकू विद्यापीठात.

सोलापूरच्या संशोधन केंद्रानं ‘भीमा’सारखे करडईचे वाण दिले, फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडई आणली, त्यामुळे पाकळ्या खुडणं सोपं झालं आणि त्यांचा चहाही होऊ लागला. काही वाणांची फुलं सुकल्यावर लाल होतात, काहींची पिवळीच राहतात. त्या पिवळ्या वाणांत एन्झाइम कमी पडतं, की आधीचं द्रव्यच बनत नाही? आपल्या जिल्ह्यातले वाण शेजारी शेजारी लावून एम.एस्सी.च्या मुलांनी हे तपासावं असं मला फार वाटतं. पेरणी घटस्थापनेच्या आसपास करावी लागेल.