नगराची चैत्ये आणि अक्षयनीवी

वज्जींवर स्वारी करण्याचा अजातशत्रूचा मनोदय घेऊन मगधाचा महामात्र वस्सकार ब्राह्मण राजगृहाच्या गिज्झकूट पर्वतावर तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला सरळ उत्तर दिले नाही. त्यांनी मागे उभ्या असलेल्या आनंदाला वज्जींविषयी सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवितात काय, एकमताने जमतात व एकमताने उठतात काय, वृद्धांचा मान राखतात काय, स्त्रियांवर बळजबरी तर करीत नाहीत ना, असे ते प्रश्न होते. सहावा प्रश्न चैत्यांविषयी होता. नगराच्या आतील व बाहेरील चैत्यांचा वज्जी आदर करतात काय, आणि त्या चैत्यांना पूर्वापार दिले जाणारे धर्म्य दान खंडित तर होऊ देत नाहीत ना? जोवर हे चालू आहे, तोवर वज्जींची वृद्धीच होईल, ऱ्हास होणार नाही, असा तथागतांचा निर्वाळा होता.

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्ताच्या आरंभीचा हा प्रसंग आपल्या वाचकांस परिचित आहे. सभा आणि एकमत यांविषयीचा भाग आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. सहाव्या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. वैशालीची उदेन, गोतमक, सत्तम्ब, बहुपुत्त ही चैत्ये मूळची लोकांची जुनी पूजास्थाने होती. ती बुद्धशासनाने उभारलेली नव्हती. तरीही त्यांचा मान राखणे हे तथागतांनी गणराज्याच्या सामर्थ्याचे लक्षण मानले. दुसरे असे की, नवी चैत्ये किती बांधली, हे त्यांनी विचारलेच नाही. पूर्वी दिलेले पुढे चालू आहे की नाही, एवढेच विचारले. हाच प्रश्न आज मुंबई नगरीला लावून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

मुंबईची चैत्ये

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. शिलालेखांत या स्थानाला कण्हसेल, कृष्णगिरी अशी नावे आढळतात. सुमारे हजार वर्षे येथे भिक्षुसंघ नांदत होता. अंधेरीजवळ कोंडिविटे येथील लेणी आज महाकालीच्या नावाने ओळखली जातात. तेथील चैत्यगृहात स्तूपाभोवती दगडात कोरलेली गोल कुटी व तिची जाळी पाहावयास मिळते. बोरिवलीतच मागाठाणे येथे लहान लेणी आहेत. कान्हेरीच्या एका लेखात मंगलठाण गावच्या शेताचे दान नोंदलेले असून ते गाव म्हणजेच मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. ज्या गावच्या शेताच्या उत्पन्नावर कान्हेरीच्या भिक्षूंचा निर्वाह झाला, त्या गावची लेणी आज वस्तीच्या दाटीत बुजत चालली आहेत.

नगराबाहेर नालासोपाऱ्याचा स्तूप आहे. पालि वाङ्मयातील सुप्पारक ते हेच. उदानातील बाहिय दारुचीरिय येथल्याच समुद्रतीरी राहत होता. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे व आठ लहान ब्राँझमूर्ती सापडल्या. तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जतन केला आहे. सोपाऱ्यास मिळालेल्या अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे १९२२ साली खुल्या झालेल्या आणि आता छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तुसंग्रहालयात आहेत.

आपल्या काळाची चैत्येही याच नगरात आहेत. दादरचे राजगृह, परळच्या बी. आय. टी. चाळीतील बाबासाहेबांच्या वास्तव्याच्या खोल्या आणि १९४६ साली सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालय ही त्यांतील काही. या यादीत आणखी एक नाव असावयास हवे होते. दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण मुद्रणालयाची जुनी वास्तू २०१६ च्या जून महिन्यात एका रात्रीत पाडली गेली. वास्तू मोडकळीस आल्याचे कारण सांगण्यात आले. त्यानंतर समाज मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरला आणि ते योग्यच झाले. परंतु वास्तू मोडकळीस येण्यास वर्षे लागतात. त्या वर्षांत छपराची गळती, भिंतीचा तडा आणि जुन्या कागदांची वाळवी यांच्याकडे पाहणारे कोण होते, हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे.

कान्हेरीचे दाते काय सांगतात

कान्हेरीचे शिलालेख म्हणजे एका अर्थी संघाची हिशेबवहीच आहे. दाते कल्याण, सोपारा, नाशिक, चौल येथून आले. त्यांत श्रेष्ठी होते, भिक्षुणी होत्या, कारागीरही होते. कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी म्हणजे टाके दिले. कल्याणच्याच नंद लोहाराने वाट करून दिली. चैत्यगृह कोरविण्याचे सामर्थ्य प्रत्येकाकडे नव्हते. पण चैत्यगृहापर्यंत जाणारी वाट आणि तेथे राहणाऱ्यांसाठी पाणी यांचे मोल त्यांना कळत होते, आणि ते दानही शिळेवर कोरण्याइतके मोठे मानले गेले.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘अखयनीवी’, संस्कृतात अक्षयनीवी. नीवी म्हणजे मूळ ठेव. ती कधी मोडावयाची नाही, केवळ तिच्या व्याजातून खर्च चालवावयाचा, अशी ही व्यवस्था होती. तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. तेथे उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० कार्षापणांवर महिना शेकडा एक आणि १००० कार्षापणांवर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजच वापरावयाचे, असे लेखात स्पष्ट म्हटले असून हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदविला गेला.

कान्हेरीत ही परंपरा शिलाहारांच्या काळापर्यंत, म्हणजे नवव्या शतकापर्यंत टिकली. गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या सुगतोपासकाने येथे १०० द्रम्मांची ठेव ठेवली. त्याच शतकातील दुसऱ्या एका लेखात दानाचे वाटे स्वतंत्र सांगितले आहेत. त्यांत पूजेसाठी वेगळी रक्कम, विहारातील मोडतोडीच्या दुरुस्तीसाठी वेगळी, चीवरांसाठी वेगळी आणि ग्रंथांसाठीही वेगळी आहे. दुरुस्ती आणि ग्रंथ यांना पूजेच्या पंक्तीला बसविणारा तो दाता आजच्या कोणत्याही संस्थेच्या अंदाजपत्रकाला धडा देऊ शकेल.

शिंप्याची भिंत

पैसा आणि श्रद्धा यांनीच काम भागत नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका दरिद्री शिंप्याची कथा आहे. इतरांप्रमाणे आपणही संघासाठी विहार बांधावा, असे त्याच्या मनात आले. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. पण विद्या नसल्यामुळे भिंत वाकडी झाली व पडली. दुसऱ्यांदा पडली, तिसऱ्यांदाही पडली. भिक्षू धनवंतांना मार्गदर्शन करतात, मी दरिद्री म्हणून मला कोणी सांगत नाही, अशी त्याने तक्रार केली. ती तथागतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामावर देखरेख करणारा आणि ‘खंडफुल्ल’ म्हणजे मोडके-फुटके दुरुस्त करून घेणारा नवकम्मिक भिक्षू नेमण्याची अनुज्ञा त्यांनी दिली.

आम्ही विद्यार्थ्यांसह कान्हेरीस जातो, तेव्हा ही कथा आठवते. एकदा अक्षरे छायाचित्रात स्पष्ट दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू फिरविणारे तरुण आमच्याच सोबत आलेले होते. त्यांचा हेतू चांगला होता. शिंप्याचाही चांगलाच होता. पण खडूची भुकटी अक्षरांच्या खाचांत बसते आणि ती घासून काढताना अक्षराची कड झिजते. स्तूपापाशी लावलेल्या मेणबत्तीची व उदबत्तीची काजळी खडकाच्या रंध्रांत शिरते. मूर्तीला लावलेले तेल धूळ धरून ठेवते. भेगांत सिमेंट भरले की मुरणारे पाणी दुसरी वाट शोधते आणि शेजारचा खडक फोडते. लेण्यांचा मुख्य शत्रू पाणीच आहे. माथ्यावरचे जुने चर व टाकी गाळाने भरली, की पावसाचे पाणी छतातून झिरपू लागते. म्हणून वंदनेसाठी फूल जमिनीवर ठेवावे, ज्योत बाहेर मोकळ्यावर लावावी आणि दुरुस्ती पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांवर सोपवावी.

कायद्याचा आधारही माहीत असावा. १९५८ च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगीवाचून बांधता येत नाही. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नियमभंग दिसला तर लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी. तोंडी संतापाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

संग्रहालय कशासाठी

वस्तू काचेत ठेवली म्हणजे ती निर्जीव झाली, असे काहींना वाटते. त्यांनी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील मीरपूरखासची शिल्पे पाहावीत. सिंधमधील हा स्तूप १९१० च्या सुमारास हेन्री कझिन्स यांनी उत्खनन करून अभ्यासला. तो स्तूप आज बहुतांशी नाहीसा झाला आहे. त्याच्या भाजल्या मातीच्या बुद्धमूर्ती मात्र संग्रहालयात आल्यामुळे वाचल्या.

संग्रहालयाला गरज असते ती नियमित येणाऱ्या प्रेक्षकाची, सभासदाची आणि प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकाची. ज्या दालनात कोणी जात नाही, त्याच्या दुरुस्तीची पाळी शेवटी येते. आपल्या विहारांतील बालवर्गाची वर्षातून एक सहल सोपाऱ्याच्या शिलालेखापर्यंत गेली, तर मुलांना धम्मलिपीची ओळख होईल आणि ती वस्तू आपली वाटू लागेल.

आपल्या घरांतही संग्रहालयात शोभावे असे पुष्कळ आहे. १९५६ च्या दीक्षेचे छायाचित्र, समता सैनिक दलाचा बिल्ला, ‘जनता’ पत्राचा जीर्ण अंक, आजोबांच्या हातची वही असे किती तरी कागद पत्र्याच्या पेटीत कुरतडले जात आहेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. ऊन व ओल यांपासून दूर ठेवावे आणि छायाचित्रामागे शाई न वापरता मऊ पेन्सिलीने व्यक्ती, स्थळ व वर्ष लिहावे. माहितगार माणूस हयात आहे तोवरच हे करावयास हवे.

आपली अक्षयनीवी

नव्या विहाराच्या पायाभरणीस देणगी सहज जमते, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु त्याच विहाराचे छप्पर दहा वर्षांनी गळू लागले, की वर्गणीची वही रिकामी राहते. यावर कान्हेरीच्या दात्यांनी उपाय सांगून ठेवला आहे. प्रत्येक विहाराने आपल्या वार्षिक जमेचा ठराविक हिस्सा मोडू नये अशा ठेवीत ठेवावा. तिच्या व्याजातून जवळच्या एका वारसास्थळाचे किंवा ग्रंथसंग्रहाचे पालकत्व घ्यावे आणि त्याचा हिशेब निगमसभेप्रमाणे उघड सभेत वाचून दाखवावा. रक्कम लहान असली तरी चालेल. नंद लोहाराने तरी एक वाटच दिली होती.

अंगुत्तरनिकायात तथागतांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या कुळांची चार लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील पहिली दोन म्हणजे हरवलेले शोधणे आणि जीर्ण झालेले दुरुस्त करणे. हरवलेल्याचा शोध बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतला आणि तो आपल्या ओंजळीत दिला. जीर्णाची दुरुस्ती आपल्या वाट्याला आली आहे.