एकात्मिक बिनतारी जाळ्यांतील गतिशीलता व सुरक्षितता : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

कसाऱ्याहून निघालेली लोकल खर्डी, आटगाव, आसनगाव ही स्थानके घेत कल्याणकडे येते, तेव्हा प्रवाशाच्या खिशातील भ्रमणध्वनी एका मनोऱ्याचा आधार सोडून दुसऱ्याचा घेत असतो. संभाषण न तुटता होणाऱ्या या बदलास हस्तांतरण म्हणतात. एकाच पिढीच्या जाळ्यात ते आडवे असते. ४जीवरून २जीवर अथवा वायफायवर जाताना ते उभे होते. विचार व्हावयास हवा तो या दुसऱ्या प्रकाराचा. कारण तेथे मनोऱ्याबरोबर सुरक्षिततेचे नियमही बदलतात.

२जीच्या जीएसएम पद्धतीत जाळे ग्राहकाची ओळख पडताळते. ग्राहकाला मात्र जाळ्याची ओळख पडताळता येत नाही. संदेश कूटबद्ध करावयाचे की नाही, हेही जाळेच ठरविते. म्हणूनच बनावट मनोरा उभारून भ्रमणध्वनीस फसविणे शक्य होते. शिवाय या पद्धतीतील ए५/१ ही कूटप्रणाली दुर्बल असल्याचे बिर्युकोव्ह, शामीर व वॅग्नर यांनी २००० सालीच दाखवून दिले होते. ३जीपासून पडताळणी उभयपक्षी झाली. ५जीमध्ये ग्राहकाचा कायम ओळख-क्रमांकही झाकून पाठविण्याची सोय आली. तथापि ५जीचा महागडा संच हाती असला, तरी तो २जीवर उतरताच त्याचे संरक्षण २जीइतकेच उरते. जाहिरातींत वेगाचे जेवढे कौतुक होते, तेवढी या बाबीची वाच्यता होत नाही.

मुरबाडहून टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे जाताना भूरचनेचा प्रश्न येतो. डोंगराच्या आडोशाला उच्च वारंवारतेच्या लहरी लवकर क्षीण होतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या मानाने दूरवर पोहोचतात. त्यामुळे खालच्या पिढीत उतरण्याचा प्रसंग शहरातील ग्राहकापेक्षा घाटाखालच्या ग्राहकावर अधिक वेळा येण्याचा संभव असतो. जिओच्या जाळ्यात २जी नाही, म्हणून तेथे असे हस्तांतरण होत नाही. पण संच २जी जाणणारा असेल, तर बनावट मनोरा त्यालाही साद घालू शकतो. बँकेचा ओटीपी एसएमएसने येत असल्याने ही केवळ तात्त्विक चर्चा राहत नाही.

अँड्रॉइड १२ पासून (२०२१) काही संचांत २जी बंद ठेवण्याची सोय उपलब्ध झाली. शहरात ती निःशंकपणे वापरावी. परंतु ज्या पाड्यावर २जीखेरीज दुसरे काही पोहोचत नाही, तेथे ती वापरल्यास नेहमीचे संभाषणच थांबते. आपत्कालीन क्रमांक तेवढे या बंदीतून वगळलेले असतात.