हिवाळ्यात तलावातील मासे जातात कुठे?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यानंतर शासनाकडे आले. धानाला पाणी आणि ढीवर बांधवांना मासळी अशी दुहेरी कामगिरी ते आजही बजावतात. मात्र मार्गशीर्ष-पौष उजाडला की अनेक मच्छीमार संस्थांची एकच तक्रार असते, "जाळे रिकामे येते. मासे मेले की चोरीला गेले?" बहुतेक वेळा यांपैकी काहीच झालेले नसते. मासे तलावातच असतात, पण त्यांची जागा, वेळ आणि भूक बदललेली असते. हा बदल ओळखला तर हिवाळ्यातील बराच तोटा टाळता येतो.

थंडीचा माशांवर होणारा परिणाम

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी थंड झाले की त्याचे शरीरही थंड होते आणि पचन मंदावते. कटला, रोहू व मृगळ यांची वाढ साधारणतः २५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात चांगली होते. पाणी २० अंशांच्या खाली गेले की ते खाणे कमी करतात व फारशी हालचाल करीत नाहीत. सायप्रिनस मासा त्या मानाने थंडी जास्त सोसतो.

रात्री वरचे पाणी थंड होते, जड होते आणि खाली जाते. त्यामुळे उथळ बोडीत पहाटे वरपासून तळापर्यंत पाणी जवळजवळ सारखेच गार असते. दिवसा उन्हाने वरचा थर तापतो आणि वारा हे कोमट पाणी एका काठाकडे ढकलतो. म्हणून पहाटे मासे खोलगट भागात स्वस्थ राहतात आणि दुपारी उथळ, उबदार पाण्याकडे येतात.

जाळे केव्हा व कोठे टाकावे?

फासे जाळ्यात मासा स्वतः पोहत येऊन अडकतो. संध्याकाळी लावून पहाटे काढायचे, ही पावसाळ्यानंतरची पद्धत कडाक्याच्या थंडीत कामी येत नाही, कारण मासा रात्रभर हलतच नाही. अशा दिवसांत जाळे सकाळी ऊन चढल्यावर लावून सूर्य मावळण्यापूर्वी काढावे. खोल पाणी जेथे उथळ होत जाते त्या उताराला आणि वारा ज्या काठाकडे वाहतो त्या बाजूला ते लावून पाहावे.

ओढजाळ्याची गोष्ट उलट आहे. सुस्त मासे खोलगट भागात एकत्र असल्याने ते सहज सापडतात. पण त्यात लहान मासेही येतात. म्हणून मोठ्या आसाचे जाळे वापरावे आणि लहान मासे हाताळत न बसता लगेच पाण्यात सोडावेत.

विकावे की ठेवावे?

हा निर्णय पाणी पाहून घ्यावा. धानाला पाणी सोडल्यावर ज्या बोडीत फेब्रुवारी-मार्चपर्यंत कंबरभर पाणीही उरणार नाही, तेथील मोठे मासे हिवाळ्यातच टप्प्याटप्प्याने काढून विकावेत. त्या दिवसांत वाढ जवळपास थांबलेली असल्याने थांबून फायदा होत नाही. उलट थंडीत मासळी बाजारात नेताना नासाडी कमी होते. ज्या तलावात मे महिन्यापर्यंत भरपूर पाणी टिकते, तेथे अर्धा किलोच्या आतील मासे राखावेत. पाणी तापू लागले की त्यांची वाढ पुन्हा जोमाने होते.

खाद्य कमी करा

समजा, एक हेक्टर तलावात सरासरी ४०० ग्रॅम वजनाचे ३,००० मासे आहेत. एकूण वजन १,२०० किलो झाले. वजनाच्या २ टक्के या दराने रोज २४ किलो पेंड व धानाचा कोंडा लागतो. थंडीत १ टक्का, म्हणजे १२ किलो पुरतो. दोन महिन्यांत ७२० किलो खाद्य वाचते. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते व पाणी बिघडवते, तो तोटा वेगळाच.

खाद्य सकाळी न देता ११ ते १२ च्या सुमारास द्यावे. ते टोपलीत ठेवून पाण्यात सोडावे व दोन तासांनी पाहावे. शिल्लक राहिल्यास दुसऱ्या दिवशी कमी करावे. ढगाळ हवेत व कडाक्याच्या थंडीत खाद्य बंद ठेवले तरी चालते. शेणखतही कमी टाकावे, कारण थंडीत ते लवकर कुजत नाही व तळाशी साचते.

लाल चट्ट्यांकडे दुर्लक्ष नको

हिवाळ्यातील खरा शत्रू म्हणजे व्रणरोग. भारतात तो १९८८ मध्ये ईशान्येकडील राज्यांत प्रथम आढळला. अ‍ॅफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे तो होतो आणि १८ ते २२ अंश तापमानात जोर धरतो. सुरुवातीला अंगावर लाल चट्टे दिसतात, पुढे खोल जखमा होतात. मरळ व तलावातील लहान जंगली मासे बहुधा आधी बळी पडतात. त्यांच्यावर नजर ठेवली तर इशारा वेळेवर मिळतो.

उपाय पुढीलप्रमाणे करावेत:

१. पावसाळा संपताच हेक्टरी २०० किलोपर्यंत चुना भिजवून, थंड करून, हप्त्याहप्त्याने पसरावा. पाण्याचा सामू आधीच ८.५ च्या वर असल्यास चुना टाकू नये.

२. वाढ पाहण्यासाठी वारंवार जाळे ओढू नये. खवले निघालेल्या जागी रोग लवकर शिरतो.

३. एका तलावातील जाळे दुसरीकडे नेण्यापूर्वी कडक उन्हात पूर्ण वाळवावे.

४. रोग दिसताच सिफॅक्स हे औषध एक हेक्टर क्षेत्रातील एक मीटर खोल पाण्यास एक लिटर या प्रमाणात, जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या सल्ल्याने वापरावे. खाण्याच्या माशांसाठी मॅलॅकाइट ग्रीन कधीही वापरू नये.

थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो हे खरे. पण सतत ढगाळ हवा असेल आणि वनस्पती कुजत असतील तर पहाटे त्याची टंचाई पडते. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर खाद्य व खत लगेच बंद करावे आणि शक्य असल्यास ताजे पाणी सोडावे.

या सर्वांसाठी एक साधा तापमापक पुरेसा आहे. तो दोरीला बांधून एक फूट खोल सोडावा व सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता नोंद वहीत लिहावी. दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी जमल्या की आपल्या तलावातले मासे केव्हा खातात व केव्हा जाळ्यात येतात, हे ती वहीच सांगेल.