शनिवारची शर्यत, रविवारची रपेट

कुस्तीचे नाव निघाले की आपण कोल्हापूरकडे बोट दाखवतो. सायकल शर्यतीचे नाव निघाले की मात्र बोट विजापूर-बागलकोटकडे वळवावे लागते. काळ्या मातीचा सपाट मुलूख, मैलोन्‌मैल सरळ रस्ते, आडोसा म्हणून झाड नाही आणि समोरून सतत वारा. अशा रस्त्यावर शाळेला सायकलने जाणाऱ्या पोराच्या मांड्यांत आपोआप बळ येते. विजापुरात सायकलपटूंसाठी सरकारी क्रीडा वसतिगृह आहे. जतपासून जमखंडीपर्यंतच्या पट्ट्यात जत्रेच्या कुस्त्यांबरोबर सायकलच्या शर्यतीही लागतात. त्यात ‘गियरवाले’ आणि ‘साधी सायकल’ असे दोन गट असतात. कुणाची भाषा कोणती, कोण कुठल्या राज्याचा, हे तिथे कोणी विचारत नाही. तो प्रश्न पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी येतो. तेव्हा जतचा मुलगा महाराष्ट्राची जर्सी घालतो आणि जमखंडीचा कर्नाटकची.

आमच्या बेळगावची सायकल वेगळी. इथे सायकल म्हणजे पहाटेची हवा, कॅम्पमधले झाडांचे रस्ते आणि परतताना गरम इडली. डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदार आणि माझ्यासारख्या अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका या मंडळींत आहेत. 2020 च्या लॉकडाऊननंतर ही संख्या फारच वाढली. काही जण 200 किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ही करतात. ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांच्या आत अंतर पुरे केले की झाले, पहिला-दुसरा नंबर नसतो.

या दोन जगांची गाठ वर्षातून एकदा पडते. आमचे सायकल मंडळ डिसेंबरात दोन दिवसांचा कार्यक्रम घेते. शनिवारी शर्यती आणि रविवारी सर्वांची मिळून रपेट. 2025 च्या डिसेंबरातला कार्यक्रम छान पार पडला. पण त्यानंतर मंडळात एक विचार बळावतो आहे : पुढच्या वर्षीपासून शनिवार वगळावा आणि फक्त रविवार ठेवावा. त्याविषयीच आज लिहायचे आहे.

एकट्याची झुंज

शनिवारी पहाटे काकतीच्या बाजूला, महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर ‘टाइम ट्रायल’ होती. आठ किलोमीटर जायचे, वळसा घालून आठ किलोमीटर यायचे. एकेका स्पर्धकाला एकेका मिनिटाच्या अंतराने सोडतात. कुणाच्या मागे लपून चालवायची मुभा नाही. घड्याळाशी गाठ!

लपायचे ते कशापासून, असे वाचक विचारतील. वाऱ्यापासून. वर्गात आकडे शिकवायची सवय असल्याने हा हिशेब मला फार आवडतो. सायकलचा वेग वाढला की हवेचा अडथळा नुसता त्या प्रमाणात वाढत नाही. ताशी 20 किलोमीटरवरून 40 वर जायचे तर हवा कापायला लागणारी ताकद दुप्पट नव्हे, आठपट लागते. म्हणून पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालवले तर मागच्याचे पाव ते एक-तृतीयांश कष्ट वाचतात. टाइम ट्रायलमध्ये नेमकी हीच सवलत काढून घेतलेली असते.

साध्या सायकलींची शर्यत निराळी का ठेवतात, हेही त्या दिवशी लेकीला समजावून सांगितले. साध्या सायकलीला सामान्यतः पुढच्या चक्रीला 44 दाते असतात आणि मागे 18. पॅडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. शर्यतीच्या सायकलीला पुढे 50 आणि मागे 11 दात्यांची जोडी लावली तर त्याच एका फेऱ्यात ती साडेनऊ मीटर जाते. सपाटीवर हे दोघे एका रांगेत उभे केले तर तो न्याय होत नाही.

आमच्या घरची पाहुणी

बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींची सोय मंडळातली कुटुंबे आपापल्या घरी करतात. आमच्याकडे जमखंडी भागातल्या एका खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी आली होती. शुक्रवारी संध्याकाळी एसटीने उतरली. सायकलची चाके काढून, सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून बसच्या टपावर बांधून आणली होती. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. दारात पाऊल टाकताच तिने पहिला प्रश्न विचारला, “काकू, सायकल आत ठेवली तर चालंल?” रात्री ती सायकल आमच्या माजघरात तिच्या अंथरुणाशेजारी उभी होती.

माझ्या सासूबाई धारवाडकडच्या. घरात त्यांचे कन्नड, माझे मराठी आणि लेकीचे दोन्ही. ‘मुलीच्या जातीने हायवेवर सायकल हाणायची म्हणजे काय’ हे त्यांचे मत आमच्या लेकीच्या बाबतीत आम्ही रोज ऐकतो. पाहुणीला त्यांनी कन्नडमधून खोदून खोदून विचारले. आई जत तालुक्यातली, म्हणून मराठी येते. वडील दुसऱ्याच्या रानात राबतात. थोरल्या भावाने सायकल सोडून पुण्यात काम धरले आणि त्याची सायकल हिच्याकडे आली. “मग तुला यातून मिळणार काय?” सासूबाईंनी शेवटी विचारलेच.

तिने दिलेले उत्तर मी माझ्या वर्गात सांगितले आहे. ती म्हणाली, “आजी, इथलं सर्टिफिकेट नोकरीला चालत नाही. राज्याचं, नॅशनलचं लागतं. पण निवड चाचणीआधी आपली वेळ किती येते ते कळाय पायजे. गावात घड्याळ लावून कोण उभं राहणार?”

खेळाडूंच्या राखीव जागांतून रेल्वेत, लष्करात वा पोलिसात नोकरी मिळवणे हा तिकडच्या मुलांचा सरळ हिशेब असतो. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी लागते. आमच्यासारख्या मंडळाच्या शर्यतीतले पदक तिथे उपयोगाचे नाही. पण रस्त्यावर उभे राहिलेले पंच, मोजलेले अंतर, सेकंदापर्यंत घेतलेली वेळ आणि शेजारी तोलामोलाच्या मुली, एवढे तिला इथे मिळते. बक्षिसापेक्षा हे मोठे आहे.

शनिवारी सुरुवातीच्या रेषेवर सायकलींची तपासणी होते. ब्रेक, हँडल, हेल्मेट, टायर. तिच्या मागच्या टायरातून धागे दिसू लागले होते. तपासणीस म्हणाले, “बाळ, ही सायकल मी सोडू शकत नाही.” त्यांचे बरोबरच होते. ताशी 40 च्या वेगात मागचा टायर फुटला तर काय होईल ते सांगायला नको. मुलगी काही बोलली नाही, नुसती टायरकडे बघत राहिली. तेवढ्यात आमचे एक डॉक्टर पुढे आले. त्यांची सायकल रविवारसाठी गाडीवर बांधून ठेवलेली होती. चाकांचे माप एकच निघाले. दोघांनी मिळून डॉक्टरांचा टायर उतरवला, तिच्या चाकावर चढवला आणि हातपंपाने हवा भरली. पंचांनी तिचा क्रमांक शेवटी घेतला.

सोळा किलोमीटरला तिला 27 मिनिटे 40 सेकंद लागले. तिसरी आली. दुसरीत आणि तिच्यात अकरा सेकंदांचा फरक होता. आनंद झाला का म्हणून विचारले तर म्हणाली, “वळसा घालताना ब्रेक लई दाबला. तिथंच गेले अकरा सेकंद.” आणि वहीत वेळ लिहून घेतली.

रविवार

रविवारची रपेट वेंगुर्ला रस्त्याने होती. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, शिनोळी आणि पाटणे फाट्याहून परत. बाची सोडून शिनोळी लागली की रस्त्याकडेच्या पाट्यांची लिपी बदलते. डांबर तेच आणि खड्डेही तेच!

गळिताचा हंगाम असल्याने पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर होत्या. ज्यांनी या दिवसांत आपल्या भागात गाडी चालवली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या. अशा रस्त्यावर चाळीस-पन्नास हौशी माणसांचा जथा नेणे हे काम सोपे नाही. आम्ही मंडळी एरवी गप्पा मारत तिघे-तिघे शेजारी चालवतो.

या रविवारी शनिवारच्या शर्यतीतली सात-आठ मुले-मुली आमच्याबरोबर आली होती. त्यांनी न सांगता रपेटीचा ताबा घेतला. दोनपेक्षा जास्त कोणी शेजारी चालवायचे नाही. पुढचा जो खड्डा पाहील त्याने हात खाली करून दाखवायचा आणि तोंडाने ओरडायचे. ती खूण रांगेतल्या प्रत्येकाने मागे पोचवायची, कारण पाचव्या माणसाला रस्ता दिसतच नाही, त्याला फक्त चौथ्याची पाठ दिसते. अचानक ब्रेक मारायचा नाही. पुढच्याच्या चाकात आपले चाक आडवे शिरू द्यायचे नाही. पुढे राहून वारा खाणाऱ्याने दमण्याआधीच बाजूला होऊन मागे जायचे आणि मागच्याने आपली पाळी चुकवायची नाही.

ओरडायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न पहिल्या दोन किलोमीटरमध्येच सुटला. एकाने ‘खड्डा!’ म्हटले की मागचा ‘तग्गु!’ म्हणून पुढे पोचवत होता. मागून वाहन आले की ‘गाडी बंतु!’ आणि ट्रॉली दिसली की दोन्हीकडे चालणारा आपला एकच शब्द, ‘सावकाश!’ मराठीतला हा शब्द उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये तितकाच घरचा आहे. पाटणे फाट्यापर्यंत साठीतले सराफ काकासुद्धा खड्ड्याला ‘तग्गु’ म्हणू लागले होते.

माझी लेक नववीत आहे. परतीच्या वाटेवर समोरून वारा सुटला तेव्हा ती मागे पडू लागली. आमच्या पाहुणीने तिला आपल्या चाकामागे घेतले आणि वेग तिला झेपेल इतकाच ठेवला. “माझ्या मागच्या चाकाकडं नको बघू, कमरेकडं बघ,” असे सांगितले. चाकाकडे टक लावली की रस्ता दिसत नाही आणि मन घाबरते. कमरेकडे पाहिले की पुढचाही अंदाज येतो. इतकी वर्षे सायकल चालवूनही हे मला कोणी सांगितले नव्हते.

शनिवार का हवा

आता मूळ मुद्दा. शनिवार वगळा म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. शर्यतीला पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, प्रत्येक फाट्यावर माणूस हे सगळे लागते. अपघाताची धास्ती असते. खेड्यातल्या मुलांकडून प्रवेश फी घेता येत नाही. उलट रविवारच्या रपेटीला लोक आनंदाने पैसे भरतात, टी-शर्ट घेतात, फोटो काढतात. हिशेबाच्या वहीत शनिवार तोट्यात आणि रविवार नफ्यात दिसतो.

अर्थशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मला हा हिशेब अपुरा वाटतो. त्या रविवारी पन्नास माणसे उसाच्या ट्रॉल्यांतून धडपणे घरी आली, ते कसब शनिवारच्या मुलांचे होते. त्यांनी ते फुकट दिले. ती मुले शर्यतीसाठी येतात, रपेटीसाठी येणार नाहीत. दीडशे किलोमीटर एसटीच्या टपावर सायकल बांधून कोणी इडली खायला येत नाही. शर्यत गेली की ती मुले गेली आणि त्यांच्याबरोबर आमची रांगही गेली. तिकडे त्या मुलीला निवड चाचणीआधी घड्याळ लावून उभा राहणारा माणूस मिळणार नाही. हा तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही.

खर्चाला वाट आहे. फाट्यांवर उभे राहायला आमच्या कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. मुक्कामाचा खर्च आजही नाही, तो घरांनी उचलला आहे. रविवारच्या फीमधून काही भाग शनिवारच्या रुग्णवाहिकेसाठी काढून ठेवला, तर रपेटीला येणाऱ्यांपैकी कोणी नाही म्हणेल असे मला वाटत नाही. ज्याच्या चाकामागे आपण वाऱ्यातून आलो, त्याच्यासाठी एवढे करायला हरकत नसावी.

एक काम तर वाचकांपैकी कोणीही करू शकेल. आपल्या शहरात दोन-तीन वर्षांनी सायकल बदलणारी पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्या गच्चीवर, जिन्याखाली चांगले टायर, ट्यूब, चेन, मुलांना लहान झालेली हेल्मेट पडून असतात. हेल्मेट एकदा जोरात आपटलेले असेल तर ते देऊ नये, कारण आतून तडकलेले बाहेरून कळत नाही. बाकी सगळे उपयोगी आहे. मंडळाने एक पेटी ठेवावी आणि तपासणीच्या वेळी ती रेषेजवळ असावी, म्हणजे कोणाला डॉक्टरांच्या सायकलचा टायर उतरवावा लागणार नाही.

पाहुणी रविवारी दुपारच्या गाडीने परत गेली. डॉक्टरांनी टायर परत घेतला नाही. सासूबाईंनी तिच्या रिकाम्या डब्यात लाडू भरून दिले आणि कन्नडमध्ये बजावले की पुढच्या वर्षी आमच्याकडेच उतरायचे. लेकीच्या हायवेवर जाण्याला त्यांचा विरोध अजून आहे. फक्त आता त्या “एकटी जाऊ नकोस, रांगेतून जा” असे म्हणतात.

मंडळाची बैठक महिनाअखेरच्या रविवारी रपेटीनंतर आहे आणि ती सर्वांना खुली आहे. ज्यांना शनिवार राहावा असे वाटते त्यांनी जरूर यावे. येताना जिन्याखालचा तो टायरही घेऊन यावा.