फुकटाचें टपाल



आमच्या जुन्या वाड्याच्या जागीं आतां इमारत उभी आहे. शेजार मात्र तोच आहे. त्या शेजारांतल्या एक बाई गेलीं वीस-बावीस वर्षें मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी करून विकतात. गेल्या महिन्यांत त्यांनीं मला विचारलें, "मास्तर, सून म्हणते फेसबुकवर पान उघडा, इन्स्टाग्रामवर चित्रें टाका. खरेंच कांहीं उपयोग होतो का हो? कीं नुसता वेळ जातो?" मीं त्यांना लागलीच उत्तर दिलें नाहीं. हा प्रश्न एका शब्दांत उरकण्यासारखा नाहीं; आणि शिवाय या बाबतींत माझ्या स्वतःच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती पुढें सांगणारच आहें.

प्रथम हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. आपण पेटींत टाकलेलें कार्ड पोस्टमन ज्याच्या त्याच्या दारांत नेऊन टाकतो. कोणतें कार्ड आधीं द्यावें आणि कोणतें दडपून ठेवावें हें तो ठरवीत नाहीं. कारण त्याची मजुरी आपण तिकिटाच्या रूपानें भरलेली असते. फेसबुकला आपण पैसे देत नाहीं. २००४ सालीं निघालेल्या या कंपनीनें २०१२ सालीं इन्स्टाग्राम आणि २०१४ सालीं व्हॉट्सॲप विकत घेतलें; २०२१ सालीं तिनें मेटा हें नांव धारण केलें. तिच्या उत्पन्नाचा जवळजवळ सर्व भाग जाहिरातींतून येतो. म्हणजे तिचें खरें गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि आपण पडद्याकडे जितका वेळ पाहत बसूं तितका तिचा विकावयाचा माल अधिक. म्हणून आपण लिहिलेलें आपल्याच ओळखीच्या किती जणांना दिसावें, हें कंपनीचें गणित ठरवितें.

व्यापाऱ्यानें हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. २०१८ च्या जानेवारींत फेसबुकनें जाहीर केलें कीं, यापुढें आप्तेष्टांच्या मजकुराला अग्रस्थान मिळेल आणि दुकानें, कंपन्या, वृत्तपत्रें यांचा मजकूर कमी दिसेल. ज्यांनीं वर्षानुवर्षें खपून वाचक जमविले होते, त्यांतल्या पुष्कळांना आपल्याच वाचकांपर्यंत पोंचण्यासाठीं पैसे मोजण्याची पाळी आली. भाड्याच्या जागेंत आपण भिंती रंगवाव्या आणि मालकानें दार मागच्या बोळांत काढावें, त्यांतलाच हा प्रकार!

व्हॉट्सॲपची तऱ्हा निराळी. तेथें अनेकांना एकदम निरोप धाडण्यासाठीं जी यादी करतां येते, तिच्यावरून गेलेला निरोप, ज्यांनीं आपला क्रमांक स्वतःच्या फोनांत नोंदून ठेवला आहे, त्यांनाच पोंचतो. हा नियम मला फार आवडतो. आधीं मेतकूट चांगलें हवें, मग गिऱ्हाइकानें नांव टिपून घ्यावें, आणि मग निरोप! बाईंना मीं म्हटलें, "तुमचीं दोनशें घरें बांधलेलीं आहेत. दिवाळीपूर्वीं पंधरा दिवस त्यांना भाजणीचा दर कळवा. परगांवचें गिऱ्हाईक हवें असेल तर पान अवश्य उघडा. पण त्यावर पैसे लावण्यापूर्वीं महिनाभर प्रत्येक नव्या माणसाला 'आमचें नांव कोठें ऐकलेंत?' असें विचारा आणि उत्तर वहींत लिहा."

वहीचा आग्रह मीं उगाच धरला नाहीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं या कंपनीचीं तिन्ही माध्यमें जगभर सुमारें सहा तास बंद पडलीं होतीं. आपल्याकडे तेव्हां रात्र होती, म्हणून निभावलें; ज्याची मागणी, पत्ता आणि उधारी सारें फोनांतच असतें, त्यानें भर दुपारीं असें झाल्यास काय करावें?

घरगुती उपयोगाची गोष्ट अधिक नाजूक आहे. अमेरिकेंत २०१८ च्या निवडणुकीपूर्वीं कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक सोडावयास लावलें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून असें दिसतें कीं, त्या लोकांचा दिवसाला सरासरी तासभर वेळ मोकळा झाला, मनाचें समाधान थोडेसें वाढलें, राजकीय मतांतील दुरावा कमी झाला. मात्र ताज्या घडामोडींचें ज्ञानही कमी झालें. वांचलेला वेळ कांहीं घरच्या माणसांत गेला, कांहीं एकट्यानें टेलिव्हिजन पाहण्यांत. म्हणजे सगळाच सत्कारणीं लागला असें नाहीं!

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. एकाच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्त हवें होतें, तें त्या गटामुळें दोन तासांत मिळालें. हें मी कधींही नाकारणार नाहीं. आणि त्याच गटांत मीं ती चूक केली.

२०१८ च्या जूनमध्यें माझ्याकडे एक चलच्चित्र आलें. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचें मूल उचलून पळतात. खालीं 'सावधान' वगैरे मजकूर. मीं तें गटांत पाठविलें. पुढें वर्तमानपत्रांत वाचलें कीं, तें चित्र कराचींतील होतें. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना जागें करण्यासाठीं तेथील एका संस्थेनें तें मुद्दाम तयार केलें होतें. मूळ चित्राच्या शेवटीं मूल परत आणून सोडतात आणि तसा फलक दाखवितात. तो शेवट कोणीतरी कापला होता. 'कोणीं सांगितलें, केव्हां, कोठें?' हे तीन प्रश्न मीं तीस वर्षें वर्गांत मुलांना विचारावयास शिकविले. स्वतः एकही विचारला नाहीं.

१ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, राईनपाडा येथें, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांना मुलें पळविणारी टोळी समजून जमावानें ठार मारलें. भिक्षा मागत हिंडणारीं माणसें तीं. माझ्या निरोपाचा त्या घटनेशीं संबंध होता असें मी म्हणत नाहीं. पण ज्या प्रकारच्या निरोपांनीं त्या महिन्यांत गांवोगांव भीति पसरली, त्यांपैकीं एक माझ्या हातून गेला होता.

त्यानंतर भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये असा बंध कंपनीनें घातला. २०२० च्या एप्रिलपासून, फार वेळां फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येऊं लागला. त्यावर दुहेरी बाणाची खूण असते. पण निरोप खरा कीं खोटा हें ती खूण सांगत नाहीं. २०१६ पासून हे निरोप वाटेंत कंपनीलाही वाचतां येऊं नयेत अशी योजना आहे. ती खाजगीपणाच्या दृष्टीनें योग्यच. परंतु त्यामुळें पाठविणारा आणि वाचणारा यांच्यामध्यें चाळणी धरणारें कोणीच उरत नाहीं.

चूक कळल्यावर मीं गटांत तसें स्पष्ट लिहिलें. बहुतेकांनीं वाचून सोडून दिलें. एका विद्यार्थ्यानें मात्र विचारलें, "सर, तुम्हीं पाठविलेंत म्हणून मीं तें चाळीस जणांना पाठविलें. आतां त्यांना काय सांगूं?" मीं उत्तर लिहिलें : "माझें नांव घालून चाळिसांनाही हेंच कळव."