बडोद्यात घडलेले खळेकाका

पादऱ्याहून बडोदं सोळा-सतरा किलोमीटर. एके काळी विश्वामित्रीपर्यंत नॅरोगेजची गाडी होती. गाणं ऐकायचं तर पादऱ्याच्या माणसाला बडोदं गाठावं लागे, आणि तिथे ऐकण्यासारखं होतंही पुष्कळ. सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली ती 1886 मध्ये. भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 मध्ये बडोद्यातच भरली. पुढे दरबारात फैय्याज खाँ होते, निसार हुसेन खाँ होते. 30 एप्रिल 1926 रोजी मुंबईत जन्मलेले संगीतकार श्रीनिवास खळे वाढले ते या वातावरणात. मधुसूदन जोशींकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली आणि उस्तादांचं गाणं कानांवर पडत राहिलं.

मग मुंबई. तिथे कुणी पायघड्या घातल्या नव्हत्या. के. दत्तांकडे सहाय्यक म्हणून उमेदवारी केली, पण स्वतःचं असं काम मिळेना. 'लक्ष्मीपूजन' या चित्रपटासाठी गदिमांच्या शब्दांना चाली लावल्या आणि त्याही चित्रपटात लागल्या नाहीत. पण एचएमव्हीने 1952 मध्ये आशाबाईंच्या आवाजात त्यांची तबकडी काढली. एका बाजूला 'गोरी गोरी पान', दुसऱ्या बाजूला 'एका तळ्यात होती'. चित्रपट आज किती जणांना आठवतो? ही दोन गाणी मात्र आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहेत.

चित्रपटांनी त्यांना पुढेही फारसं जवळ केलं नाही. 'यंदा कर्तव्य आहे', 'जिव्हाळा', 'सोबती' धरून मराठी चित्रपट अवघे सहा. मला विचाराल तर हे बरंच झालं. प्रसंगाच्या मापाने चाल बेतणं हा खळ्यांचा पिंड नव्हता. त्यांना कविता हवी असे आणि ती घोळवायला वेळ हवा असे. दोन्ही आकाशवाणीने दिलं.

'श्रावणात घननिळा' घ्या. पाडगावकरांची कविता, लताबाईंचा आवाज. साधारण भावगीतात पहिला अंतरा बांधला की पुढचे त्याच चालीवर गातात. इथे प्रत्येक अंतऱ्याची चाल निराळी आहे. दर वेळी सूर नव्या वाटेने जातो आणि तरी अलगद मुखड्यावर येऊन टेकतो. ऐकताना काहीच अवघड वाटत नाही. पेटी पुढ्यात ओढून गायला बसलं की पहिल्या वळणावरच दम लागतो. स्पर्धांमध्ये हे गाणं निवडणाऱ्या मुलामुलींच्या धाडसाचं मला नेहमी कौतुक वाटतं.

दुसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. खळ्यांच्या गाण्यांत मुंबई-पुण्याबाहेरची मराठी माणसं ठायी ठायी भेटतात. 'शुक्रतारा' गाणारे अरुण दाते इंदूरचे. 'बगळ्यांची माळ' लिहिणारे वा. रा. कान्त निजामाच्या राज्यातल्या नांदेडचे, ती गाणारे वसंतराव देशपांडे वऱ्हाडातले. 'कळीदार कपूरी पान' ही ठसकेबाज लावणी लिहिणारे राजा बढे नागपूरचे. स्वतः खळे गायकवाडी वळणाचे. मराठी भावगीत म्हणजे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातली मिरास, असं मानणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

'अभंग तुकयाचे' आणि भीमसेन-लता यांना एकत्र आणणारं 'राम श्याम गुणगान' ही उत्तरकाळातली मोठी कामं. शंकर महादेवन हे त्यांचे शिष्य. पद्मभूषण मिळालं ते 2010 मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. उशीर झाला हे सांगायला नकोच. 2 सप्टेंबर 2011 रोजी खळेकाका गेले.

1 मे 1960 रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली आणि बडोदं, पादरा गुजरातेत राहिले. त्याच सुमारास राजा बढ्यांच्या 'जय जय महाराष्ट्र माझा'ला चाल दिली ती बडोद्यात वाढलेल्या खळ्यांनी, आणि शाहीर साबळ्यांनी ते गाणं घरोघरी नेलं. 19 फेब्रुवारी 2023 पासून ते महाराष्ट्राचं अधिकृत राज्यगीत आहे.