प्रोस्टेटचा कर्करोग आणि खनिज क्षारांच्या गोळ्या

महोत्सवी स्मरणिकेत आनंदाचे लेख पुष्कळ असतात. त्यांच्या पंक्तीला आम्ही एक नाजूक विषय आणून बसवीत आहोत, त्याबद्दल सभासदांनी क्षमा करावी. उतारवयातील पुरुषांना होणारा प्रोस्टेटचा, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा, कर्करोग हा विषय आपल्या घरांत कोणी मोकळेपणाने काढीत नाही. रोग कळला की तिगावचा माणूस नागपूरची वाट धरतो, उपचार सुरू होतात. आणि मग परगावी नोकरीस असलेला मुलगा प्रेमाने शक्तीच्या गोळ्यांची बाटली धाडतो. तीत जस्त, सेलेनियम, कॅल्शियम असे खनिज क्षार असतात. वडील त्या गोळ्या निमूटपणे घेतात. डॉक्टरांच्या कानावर घालावे हे कोणालाच सुचत नाही. या गोळ्या खरोखर निरुपद्रवी असतात काय, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम जस्त. निरोगी प्रोस्टेट ग्रंथीत जस्ताचा साठा इतर बहुतेक अवयवांहून अधिक असतो, आणि कर्करोग झालेल्या भागात तो घटतो. यावरून ‘जस्त दिले की रोग हटेल’ असा तर्क सहज निघतो. परंतु त्या पेशी जस्त साठविण्याची शक्तीच गमावून बसलेल्या असतात. फुटक्या रांजणात पाणी ओतून तो भरत नाही. अमेरिकेत सुमारे ४७,००० पुरुषांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक जस्त गोळ्यांतून घेणाऱ्यांमध्ये, गोळ्या न घेणाऱ्यांच्या मानाने, बळावलेल्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण इशारा मिळतो. आपल्याकडील भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रौढ पुरुषास रोज १७ मिलिग्रॅम जस्त पुरेसे मानले आहे. दीर्घकाळ फार जस्त घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊन रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार जडतात. आपले संत्रा बागाईतदार हे वेगळ्या रीतीने जाणतातच. पाने पिवळी पडली की झिंक सल्फेटची फवारणी उपयोगी पडते. पण प्रमाण चुकले की तीच पाने करपतात.

सेलेनियमची कथा अधिक बोधप्रद आहे. हा क्षार कर्करोग टाळील अशी एके काळी मोठी आशा होती. ती पारखण्यासाठी २००१ साली अमेरिका, कॅनडा व पोर्टो रिको येथील ३५,५३३ निरोगी पुरुषांवर प्रयोग सुरू झाला. काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, काहींना ‘ई’ जीवनसत्त्व, काहींना दोन्ही व काहींना नुसती पोकळ गोळी देण्यात आली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबविल्या. पुढे २०११ मध्ये कळले की नुसते ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के अधिक झाला होता. २०१४ मध्ये आणखी उलगडा झाला. ज्यांच्या शरीरात सेलेनियम मुळातच भरपूर होते, त्यांना वरून सेलेनियम दिल्यावर उग्र स्वरूपाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट झाला.

हे झाले निरोग्यांचे. रोग जडलेल्या, परंतु तो अन्यत्र न पसरलेल्या, ४,४५९ पुरुषांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. रोज १४० मायक्रोग्रॅम वा अधिक सेलेनियम गोळ्यांतून घेणाऱ्यांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. हीही पाहणीच, प्रयोग नव्हे. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून रोग्याने ही गोळी घेऊ नये, असेच आमचे मत आहे.

मग सर्व बाटल्या उकिरड्यावर फेकाव्यात काय? मुळीच नाही. कॅल्शियमची गोष्ट निराळी आहे. पुरुषी संप्रेरक घटविले की हा कर्करोग मंदावतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले व १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही हा उपचार चालतो. पण त्याने हाडे ठिसूळ होतात. म्हणून अशा रोग्यांस अन्न व गोळ्या मिळून रोज १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, सोबत ‘ड’ जीवनसत्त्व, देण्याचा प्रघात आहे. हाडे बळकट करण्याची इंजेक्शने चालू असता कॅल्शियम मनाने बंद केल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने उतरू शकते. उलट, फार अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांत बळावलेला प्रोस्टेट कर्करोग अधिक दिसल्याच्याही पाहण्या आहेत. म्हणजे कमीही नको, अतिही नको.

सारांश, घरच्या मंडळींनी एवढे करावे. रोग्याच्या सर्व बाटल्या, चूर्णे व भस्मांच्या पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. यशद भस्म हेही जस्ताचेच असते, आणि काही रसौषधींत शिसे व पारा आढळला आहे. दोन-तीन बाटल्यांत एकच क्षार असेल तर त्याची बेरीज करावी. रक्त तपासल्याखेरीज लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, तीळ, दूध, भाजीपाला या नेहमीच्या अन्नातील क्षारांची मात्र भीती बाळगू नये.

मुलाच्या प्रेमाला आम्ही नावे ठेवीत नाही. त्याने बाटली पाठविण्याऐवजी पुढच्या तपासणीला वडिलांसोबत जावे, एवढीच आमची नम्र सूचना आहे.